मधू सबनीसचा जाळीमागचा फोटो

हिवाळ्याच्या कोटाच्या खिशात ट्रॅमची तिकिटं साठतात ना, तसे हे किस्से साठतात. आपण ठेवायचं म्हणून ठेवत नाही. एक दिवस रुमालासाठी हात घालावा, तर मूठभर निघतात. डार्मश्टाटमधल्या दोन वर्षांच्या माझ्या वह्या परवा चाळल्या, तेव्हा असंच झालं. वह्या यंत्रशाळेतल्या कामासाठी होत्या. निघालं ते सगळं बेसबॉल!

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी महाराष्ट्रातल्या एका तंत्रशाळेतला वर्कशॉपचा शिक्षक, लेथ शिकायला तिकडे पाठवलेला. म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणत. बरोबर दोघे. मधू सबनीस हा साताऱ्याचा, डार्मश्टाटच्या विद्यापीठात चिनी मातीवर डॉक्टरेट करणारा. आणि बापट, जो यंत्रांवर डॉक्टरेट करत होता आणि उरलेल्या वेळात मधूवर.

गावात जर्मन लोकांचा एक बेसबॉल क्लब होता. अमेरिकन सैनिकांचं बघून शिकलेला. सीझन सुरू होण्याआधी मार्च-एप्रिलमध्ये सरावाचे सामने व्हायचे, बरेचसे आपसातच. जर्मन लोक त्यांना ‘फ्रॉइंडशाफ्ट्सश्पील’ म्हणत, म्हणजे मैत्रीचे सामने. पहिल्याच मैत्रीत एकाचे दोन दात गेले!

या सामन्यांतून पंधरा जण निवडायचे होते. त्या पंधरांना लाल शर्ट मिळणार, आणि शेवटच्या सामन्यानंतर शर्ट घालून संघाचा फोटो.

मधू निवड चाचणीला गेला आणि घरी आल्याआल्या त्याने वडिलांना पत्र लिहिलं, ‘इथल्या संघात माझी निवड झाली.’

“अरे, झाली कुठे?” मी विचारलं.

“पत्र पोचायला दहा दिवस लागतात मास्तर. तोपर्यंत होईल.”

वडील म्हणजे जिमखान्याचे जुने विकेटकीपर, कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. कॉलेजात मधू तीन वर्षं बारावा गडी होता, ते त्यांना फार लागलं होतं. उलट टपाली उत्तर आलं, ‘जिमखान्यात सर्वांस सांगितले. संघाचा पोशाखातील फोटो त्वरित पाठव. फ्रेमचे माप घेऊन ठेवले आहे.’

मधूने ते पत्र चार वेळा वाचलं. बापट म्हणाला, “आता तुला घेतलं नाही, तर फ्रेममध्ये कॅलेंडर लावावं लागेल!”

*

आम्ही दोघे प्रत्येक सामन्याला हजर. मी वही घेऊन, बापट जीभ घेऊन.

मधूचा पहिला चेंडू मला आजही दिसतो. सरळ, वेगात आला. मधूने डावा पाय पुढे टाकला, बॅट पॅडला चिकटवल्यासारखी पायाशी आणली आणि चेंडू जागच्या जागी मेला. काय तो बचाव! आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

बाकी मैदान ओरडत होतं, “लाउफ! लाउफ!” म्हणजे पळ, पळ!

बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागून पुढे पडला की पळावंच लागतं. मधू पळाला नाही. तो बॅटच्या टोकाने समोरची जमीन थोपटत होता. एक खडा उचलून बाजूला टाकला. तोवर त्याला बाद करून बाकीचे जेवणाच्या डब्यांकडे निघालेसुद्धा!

पुढच्या वेळी तो पळाला. पण बॅट घेऊन! पहिल्या बेसपाशी, म्हणजे पळून गाठायच्या चार ठाण्यांतल्या पहिल्यापाशी, पोचल्यावर त्याने सवयीने वाकून बॅट पुढे सरकवली. बेसवर उभा असलेला सुताराचा दांडगा पोरगा घोट्याला लागेल म्हणून हरणासारखा उडाला.

क्लबचा मॅनेजर होता हेर क्रेमर, म्हणजे श्रीयुत क्रेमर, पेशाने नळ दुरुस्त करणारा. तो धावत आला. “बॅट तिथंच टाकायची असते!”

“टाकायची?” मधू चक्रावला. “क्लबची बॅट? मातीत?”

क्रेमरने एक हात कपाळाला लावला. दुसऱ्या हातात यादी होती. तीत काहीतरी खोडलं.

*

बेसबॉलमध्ये एक उदार नियम आहे. टाकणाऱ्याने चार चेंडू वाकडे टाकले आणि फलंदाजाने त्यांना हात लावला नाही, तर त्याला पहिला बेस फुकट. जर्मन मुलांना हे जमायचं नाही. चेंडू दिसला की हाणायचाच. वाकड्या चेंडूंवर बॅटा फिरवून त्यांनी एप्रिलच्या थंडीत वारा घातला.

मधूचं सगळं शिक्षण ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यात गेलेलं. तो शांतपणे बॅट खांद्यावर घेऊन उभा राही आणि वाकडा चेंडू असा आदराने जाऊ देई, की जणू सासरे चाललेत. आम्ही ओरडायचो, “वेल लेफ्ट!”

एका सामन्यात तो पाच वेळा खेळायला गेला आणि पाचही वेळा बॅट न हलवता बेसवर पोचला. मी नोंद दोनदा तपासली.

क्रेमर आमच्या बाकापाशी आला. फार गंभीर होता.

“हा माणूस काहीही न करता सगळं मिळवतो. हे कुठे शिकला?”

“त्याचं असं आहे, हेर क्रेमर,” बापट म्हणाला, “तो चार वर्षं डॉक्टरेट करतोय!”

त्या दिवशी यादीत मधूचं नाव पुन्हा लिहिलं गेलं. पेन्सिलीने.

*

ते पुढच्याच रविवारी पुसलं जाण्याची वेळ आली.

मधू मैदानाच्या अगदी टोकाला उभा. चेंडू उंच गेला, ढगात दिसेनासा झाला. मधूने डाव्या हातातला चामड्याचा मोठा पंजा काढून फेकला. “असल्या उशीत झेल घेतात का?” असं त्याचं मत होतं. मागे पळत, उघड्या दोन हातांनी त्याने असा झेल घेतला, की जर्मन प्रेक्षकही उठले. सगळे मिळून नऊच होते, पण उठले.

मग मधूने शंभर वर्षांची परंपरा पाळली. चेंडू आनंदाने हवेत उडवला. दोन्ही हात वर केले. आणि मधल्या गड्यांशी हस्तांदोलन करायला निघाला!

क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मेला. बेसबॉलमध्ये तो जिवंतच असतो. तिकडे बेसवर थांबलेले दोघे पळत सुटले होते. दोन्ही धावा झाल्या. चेंडू गवतात निवांत पडलेला, आणि मधू सुताराच्या पोराचा हात हलवून विचारतोय, “कसा होता?”

क्रेमरने यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाईप पेटवला. पाईप उलटा धरला होता.

संध्याकाळी मधू म्हणाला, “बाबांना खरं लिहून टाकू का?”

“लिही,” बापट म्हणाला. “पण मग त्यांना जिमखान्याच्या एकेका सभासदाला ते कळवावं लागेल. दीडशे असतील ना रे?”

मधूने पेनाचं टोपण परत लावलं.

*

बॉबलिंगेनहून अमेरिकन सैनिकांचा संघ आला, तो सामना वेगळ्याच कारणाने लक्षात आहे.

सामना सकाळी अकराला सुरू झाला. अंपायर होता सार्जंट डोनली. हाच सगळ्या सराव सामन्यांचा अंपायर. साडेसहा फूट उंच, आणि शब्द एकच, तोही शेवटचा. बरोबर एकला आपली तिन्ही बेसवर माणसं. म्हणजे एक जोरदार टोला, की सामना खिशात! मधू दुसऱ्या बेसवर.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या बागेतून एक म्हातारबा आले. हातात घड्याळ.

“मिटाग्सरुहं!” ते म्हणाले.

दुपारी एक ते तीन शांतता. गालिचे झटकायचे नाहीत, लाकूड फोडायचं नाही, आणि बॅटने चेंडू तर नाहीच नाही. क्रेमरने लगेच टोपी काढली. “गेनाऊ,” तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. आणि खेळ थांबला.

अमेरिकन मंडळी बघतच राहिली. डोनलीने विचारलं, “पाऊस आहे का?”

“नाही. दुपार आहे,” क्रेमर म्हणाला.

पुढचा प्रश्न उरला, की बेसवरच्या तिघांनी काय करायचं? बेस सोडला तर बाद. डोनली म्हणाला, “खेळ थांबवलाय, जेवायला जा.” पण क्रेमरला हे तोंडी पटेना, आणि लेखी द्यायला डोनलीकडे कागद नव्हता. मग तिघे दोन तास आपापल्या बेसवर बसून राहिले. मी भाकरीएवढा पाव आणि थर्मासातला चहा घेऊन दुसऱ्या बेसवर गेलो. मधू एक पाय बेसवर ठेवून जेवला, एक पाय बेसवर ठेवून झोपलासुद्धा!

तीनला खेळ सुरू झाला. पहिल्याच चेंडूवर आपला शेवटचा गडी बाद. सामना हरलो.

म्हातारबा कुंपणापलीकडून म्हणाले, “एवढ्यासाठी थांबला होता?”

*

शेवटचा सामनाही सैनिकांशीच. फोटोवाला तिपाई घेऊन आलेला. शर्टांचं खोकं क्रेमरच्या पायाशी. चौदा नावं नक्की होती. पंधराव्या जागेसाठी दोघे, मधू आणि खाटकाचा जावई. मधूने सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

दोन्ही बाजू बरोबरीत. मधू नेहमीप्रमाणे काही न करता पहिल्या बेसवर पोचला होता, दुसऱ्यांच्या टोल्यांवर तिसऱ्यावर गेला. मग एक टोला बसला आणि मधू घराकडे, म्हणजे शेवटच्या बेसकडे धावला. चेंडूही तिकडेच आला, कॅचरकडे, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरकडे; मधू पोचायच्या आत त्याने तो अंगाला लावला, तर मधू बाद. कॅचर, मधू, धूळ, सगळं एका ठिकाणी.

“सेफ!” डोनली गरजला, म्हणजे नाबाद.

एक धाव पुढे! क्रेमर नाचला. सुताराच्या पोराने मधूला खांद्यावर उचललं. बापट, जो कशालाच टाळ्या वाजवत नसे, त्याने माझ्या पाठीवर वाजवल्या.

मधू खांद्यावरून खाली उतरला. पॅंट झटकली. डोनलीसमोर जाऊन सावधान उभा राहिला.

“सर, चेंडू मला लागला होता. बेसला पाय लागायच्या आधीच. मी आउट आहे.”

डोनलीने खाली पाहिलं. “मी सेफ दिलंय.”

“हो सर. पण ते चुकलंय.”

डोनलीशी वाद घातला की तो अंगठा बाहेरच्या दिशेने दाखवी. मग त्या माणसाने त्या दिवशी पुन्हा मैदानात पाय ठेवायचा नाही, मैदानाभोवतीच्या जाळीबाहेर जायचं. अपील नाही.

“धाव आहे,” डोनली म्हणाला.

“नाही आहे, सर.”

“आहे!”

“मला लागलाय ना! मला माहीत असणार, की तुम्हाला?”

डोनलीचा अंगठा वर गेला. धाव कायम, आणि मधू बाहेर!

सैनिकांचा कॅप्टन पुढे होऊन म्हणाला, “सार्जंट, तो आमच्या बाजूने बोलतोय.” डोनलीने त्यालाही अंगठा दाखवला.

त्या एका धावेने आपण जिंकलो. क्रेमरने नावं वाचली. चौदा झाली. मग चष्मा पुसला. मी उभा राहिलो होतो, ते बापटने ओढून बसवलं तेव्हा कळलं.

“पंधरावा, सबनीस.”

खाटकाचा जावई ओरडला, “का?”

“तुमचा अर्ज दोनच प्रतींत आहे,” क्रेमर म्हणाला. “ह्यांचा तीन प्रतींत, शिक्क्यांसह. बाकीचं मी अजून समजून घेतोय.”

अर्ज मी भरला होता. असो.

शर्ट जाळीवरून फेकला गेला. मधूने घातला, वरचं बटणसुद्धा लावलं, आणि फोटोसाठी निघाला.

डोनली फाटकात उभा. “उद्या.”

“सामना संपलाय!” मी म्हणालो.

“दिवस नाही संपला.”

मी क्रेमरकडे पाहिलं. सगळ्या संघाने माना डोलावल्या. नियम होता. फोटोवाला उद्या येणार नव्हता. शेवटी चौदा जण मैदानात दोन ओळींत बसले, आणि मागे, जाळीपलीकडे, लाल शर्टात मधू. दोन्ही हातांची बोटं जाळीत अडकवलेली. आणखी मागे बाकावर मी आणि बापट.

फोटो साताऱ्याला गेला. उत्तरात फक्त ‘फोटो पोचला. फ्रेम केला’ एवढंच.

पुढच्या वर्षी मी भारतात परतलो आणि मधूने दिलेलं घड्याळ पोचवायला साताऱ्याला त्याच्या घरी गेलो. फोटो बैठकीच्या खोलीत, दारासमोर. जिमखान्यातले दोघे-तिघे चहाला आलेले. मधूच्या आई पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन फोटोकडे बघत राहिल्या.

“अहो,” त्या शेवटी म्हणाल्या, “मी कधीची विचारतेय. सगळी मुलं पुढे बसलीत, आणि आपला मधू एकटाच त्या जाळीमागे का हो? हे मास्तर तिथे होते, त्यांना तरी विचारा.”

मी घास घेतलेला होता.

“त्यांना काय विचारायचं त्यात?” वडील म्हणाले. “अगं, साधा खेळाडू पुढे बसतो. मधू कॅप्टन, म्हणून मागे, आणि त्याच्यापुढे खास जाळी.” मग ते पाहुण्यांकडे वळले आणि बोट फोटोवर आणखी मागे नेलं.

“आणि हे बघा मास्तर! ह्यांना तर त्याच्याही मागे बसवलंय. म्हणजे केवढे मोठे असतील!”