उतरवता येणारा गाळा

खांबाचा खड्डा कमरेइतका झाला आणि माणिकराव त्यात उतरून बसले. नुसते बसले नाहीत, चंची काढून निवांत पानाला चुना लावायला लागले.

"खांब रोवायचा तर माझ्यासगट रोवा," ते म्हणाले.

मजुरांनी पहारी खाली टेकवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी वीज खात्यात नवा ज्युनिअर इंजिनिअर. खड्ड्यात माणूस बसल्यावर काय करायचं, हे डिप्लोमाला शिकवलेलं नव्हतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आमचं सगळं औरंगाबादच्या हाताखाली चालायचं. भोकरदनकडच्या खेड्यांना वीज द्यायचं काम जोरात होतं. हसनाबादच्या पुढचं हे गाव माझ्या वाट्याला आलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून हुरड्याला बोलावतात, ते बंद व्हायला नको.

गावठाणात दिवाळीआधीच दिवे लागले होते. राहिली होती ओढ्याजवळची बौद्धवस्ती. काम दहा-बारा खांबांचं, पण मंजुरी मार्चअखेरपर्यंतची. मार्च उलटला की सामान परत आणि मंजुरी रद्द. मग पुन्हा नंबर कधी लागेल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. सरकारी कामाचं राहिलेलं शेपूट सहसा राहतंच.

"काय अडचण आहे, माणिकराव?"

"अडचण माझी न्हाई, देवाची हाय. चैतात जत्रा भरती. आमच्या घरून काठी निघती आन उभीच्या उभी देवळाच्या कळसाला भिडती. मधात आडवी झाली का सगळं संपलं. तुम्ही इथं तार टाकून राह्यले. मंग काठी जाईल कुठून?"

"किती उंच आहे काठी?"

"देवाची काठी कुणी मोजत न्हाई."

काठी त्यांच्या घराशेजारीच उभी होती. बांबूला बांबू जोडून केलेली, वर निशाण. नजरेनंच अंदाज घेतला. माझा खांब तिच्या निम्म्याला कसाबसा पोचला असता.

खरं सांगतो, माझं डोकं तापलं. गावठाणात तारा ओढल्या तेव्हा कुठलाच देव आडवा आला नाही. वस्तीचं नाव निघालं आणि लगेच काठी उभी राहिली! मी जुन्या जालन्यातल्या बौद्ध घरातला. असले बहाणे लहानपणापासून ऐकून माझे कान किटले होते. पण मुकादमानं मला बाजूला घेतलं.

"साहेब, म्हातारा खोटं बोलत न्हाई. गावठाणाची लाइन आपण मागच्या गल्लीनं नेल्ती ना? ती या काठीपायीच. तुमच्या आधीच्या साहेबांनी तवाच गावाला शब्द देल्ता."

म्हणजे अडचण खरी होती. देऊळ गाव आणि वस्तीच्या मधोमध. लाइन जवळून कुठूनही न्या, ती काठीची वाट ओलांडणारच. लांबून ओढ्याला वळसा घालून न्यायची तर खांब दुप्पट लागणार. त्या दिवशी काम थांबवलं. माणिकराव खड्ड्यातून वर आले आणि मलाच पान देऊ लागले.

निघताना वस्तीतले दगडूबाबा वाटेत भेटले. वस्तीच्या विहाराचं सगळं तेच पाहायचे. त्यांनी अर्धवट खड्ड्याकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "न्हाई होत का?"

"होईल, बाबा."

"बराबर," ते म्हणाले आणि चालू लागले. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, आणि मला ते फार लागलं.

जालन्याला येऊन देशपांडेसाहेबांपुढं उभा राहिलो. साहेब आमचे डेप्युटी इंजिनिअर. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. फाइल मराठीत लिहायचे आणि राग उर्दूत करायचे.

"साहेब, पोलीस बंदोबस्त घेऊ या."

"पोलीस खांब रोवून देतील. मंग त्या खांबाची राखण कोण करेल? तू का मी?"

"मग वळसा घालून नेऊ. जादा खांब द्या."

"एक खांब जादा मिळणार नाही. बिलकुल नाही. दुसरं काही सुचलं तर ये, न्हाई तर काम बंद पडल्याचा रिपोर्ट लिही."

रिपोर्ट लिहायचा म्हणून घरी आलो. अंगणात शेजाऱ्यांची बाज घेऊन दोन माणसं उभी होती. आमच्या अंगणातून पलीकडे न्यायची होती, आणि मधे आईची कपडे वाळत घालायची दोरी. आईनं हातातलं काम न सोडता दोरीचं एक टोक खुंटीवरून काढून खाली सोडलं. बाज गेली. टोक पुन्हा खुंटीवर. आई आत निघूनही गेली, मी तिथंच उभा.

दोन खांबांच्या मधल्या तारेला आम्ही गाळा म्हणतो. एरवी तार खांबाखांबावरून सलग पुढं जाते. पण एखाद्या गाळ्याची तार दोन्ही टोकांना वेगळी बांधता येते. पुढच्या-मागच्या लाइनला ती जंपरनं, म्हणजे तारेच्या छोट्या तुकड्यानं जोडायची. जंपर सोडला, एक टोक ढिलं केलं, की तेवढाच गाळा दोरानं खाली जमिनीवर घेता येतो. काठी वाकत नाही ना? मग तार वाकेल. वर्षातून एक संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी साहेबांना कागदावर काढून दाखवलं.

"हे नियमात कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"नियमात नाही, साहेब. पण नियमाविरुद्धही कुठं नाही."

साहेबांनी कागद फिरवून पाहिला. "दर साल तार उतरवायला आपला माणूस लागेल. तू जाशील?"

"जाईन."

"सोच के बोल. बदली होईपर्यंत सुटका न्हाई."

"जाईन, साहेब."

मी हवेतच गावात पोचलो. देवळाच्या पायऱ्यांवर बैठक भरली. काठी कशी जाईल, तार कशी उतरेल, सगळं मी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. माणिकरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मी शेवटचा मुद्दा सांगितला. मला वाटत होतं, हा सगळ्यांत सोपा. तार उतरवताना वीज बंद ठेवावी लागेल, पण गावानं काळजी करू नये. फक्त वस्तीची लाइन तोडू, जत्रेच्या झगमगाटात गावठाणातला एकही दिवा जाणार नाही.

लोकांनी माना डोलावल्या. बैठकीच्या कडेला, झाडाखाली, वस्तीची चार-पाच माणसं बसली होती. त्यांतले दगडूबाबा उठले.

"इंजिनेरसाहेब, लाइट आमची हाय ना?"

"हो, बाबा."

"मंग आमाला कुणी इचारलं?"

मी खडू खाली ठेवला.

"काठी जाऊ द्या. आमचं काही म्हणनं न्हाई. पर जत्रा साऱ्या गावाची, आन अंधार आमच्याच घरात काहून? असल्या अटीवर असंल तर ऱ्हाऊ द्या तुमची लाइट. कंदील हायेत आमच्याकडं."

मी आईच्या दोरीपासून नियमाच्या पुस्तकापर्यंत सगळ्याचा विचार केला होता. माणिकरावांना विचारलं, साहेबांना विचारलं. ज्यांच्यासाठी लाइन टाकायची, त्यांना जाऊन एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी कोण? त्यांच्यातलाच. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.  बाबांची माफी मागितली, ती सगळ्यांदेखत.

मग तांत्रिक बाजू सरळ सांगून टाकली. पूर्ण गावाची वीज ट्रान्सफॉर्मरवरूनच बंद करणं जास्त सोपं आणि जास्त सुरक्षित होतं. वस्तीपुरती तोडण्याचा घोळ मी केला होता तो फक्त गावठाणातून तक्रार येऊ नये म्हणून.

आता सगळे माणिकरावांकडं पाहू लागले. एक-दोघं कुरकुरले. जत्रेत लाऊडस्पीकर बंद, पाळणे बंद, असं कसं चालेल? माणिकरावांनी पान थुंकलं. तोंड पुसलं.

"काठी साऱ्या गावाची म्हणून मी खड्ड्यात बसल्तो," ते म्हणाले. "आता लाइटच्या टायमाला ती माझ्या एकल्याची कशी होईल? करा साऱ्या गावाची बंद. बाबा, तुमचं काय म्हणनं?"

"मंग काही म्हणनं न्हाई," दगडूबाबा म्हणाले.

मार्च संपायच्या आत वस्तीत दिवे लागले. चैत्रात जत्रा भरली. दिवेलागणीच्या वेळी मी लाइनमनला घेऊन खांबाशी उभा राहिलो. ट्रान्सफॉर्मरचा स्विच पाडला, तशी गावठाण, पाळणे, लाऊडस्पीकर, वस्ती, सगळं एका दमात गप्प झालं. गाळा खाली घेतला. गॅसबत्त्यांच्या उजेडात काठी तारेवरून पुढं गेली, उभीच्या उभी. माणिकरावांनी पायाखालची तार तुडवली जाऊ नये म्हणून दोन माणसं उभी केली होती. त्यांतला एक वस्तीतला होता. गाळा पुन्हा चढवून स्विच टाकला, तेव्हा दोन्हीकडून एकदमच ओरडा झाला.

पुढं माझी बदली होईपर्यंत ते काम दरसाल मीच केलं. जत्रेतल्या मानकऱ्यांबरोबर लाइनमनलाही नारळ मिळायला लागला, आणि तो मिळाला नाही तर लाइनमन रुसायलाही लागला.

त्यानंतर नोकरीत कितीतरी लाइनी टाकल्या. सर्व्हे मात्र नेहमी शेवटच्या खांबापासून सुरू केला. तिथं जो राहतो त्याच्या ओट्यावर आधी चहा प्यायचा, मग टेप काढायची. हाताखालची पोरं विचारायची, साहेब, याचा टेक्निकल फायदा काय? फायदा काही नाही. फक्त सर्व्हे दोनदा करावा लागत नाही.