विहाराचा पिंपळ अन् माही डिश

मी वायरलेस इंटरनेटच्या डिशा बसवतो. भिलाई-३ ले आमच्या बस्तीच्या बुद्ध विहारात जे कनेक्शन आहे, ते मीच लावलं. अन् सिग्नल येत नाही म्हणून झाडाले दोष देणाराही मीच.

विहाराच्या मागच्या खोलीत बस्तीतले पोट्टे सरकारी नोकरभरतीचा अभ्यास करतात. त्याईले ऑनलाइन टेस्ट द्यायच्या होत्या. टॉवर पार हथखोजच्या एका कारखान्यावर. इतक्या लांब चारी बाजूनं सिग्नल फेकणारा अँटेना काही कामाचा नाही, म्हणून अरुंद झोताची डिश घेतली. निवड बरोबर होती. विहाराच्या स्लॅबवर पाइप ओळंब्यात उभा केला, क्लॅम्प कसला, अंदाजानं डिश फिरवली, थोडा सिग्नल दिसला अन् नट टाइट करून टाकले. इथंच गाढवपणा झाला. डिशचा खरा झोत एकच, पण त्याच्या बाजूले लहान-लहान खोटे झोत असतात. म्हणून डिश पूर्ण डावी-उजवी फिरवून पाहा लागते, सिग्नलचा सगळ्यात मोठा आकडा कुठं येते ते. नव्या माणसाले मीच हे शिकवतो. पण मे महिन्यातलं भिलाईचं ऊन, स्लॅब तापलेला, मले खाली उतराची घाई.

दुसऱ्या दिवशी टेस्ट मधातच अटकली. पोट्टे माह्या तोंडाकडे पाहून राहिले. मी ऐटीत म्हणलं, "पिंपळाच्या फांद्या आड येऊन राहिल्या, मी काय करू?"

हा पिंपळ म्हणजे आमचा बोधिवृक्ष. बस्तीतल्या एका आजीनं नागपूरहून रोप आणलं होतं. विहाराले नळ नव्हता तेव्हा हंड्यानं पाणी घालून तिनं ते जगवलं. त्याच्या पानाले कोणी हात लावत नाही. फांद्या तोडायले एक माणूस तयार होईना. शेवटी आजीच बोलली, "झाड मोठं का पोराईचं शिक्षण? आण रे कुऱ्हाड!" तिनं आधी हात जोडले, मंग पहिला घाव स्वतः घातला. बाकीचं लोकाईनं केलं. टॉवरकडची सगळी बाजू बोडकी झाली. आजी डोळ्याले पदर लावून पायरीवर बसली.

मी वर चढलो. आकडा जसाच्या तसा. नट ढिले केले, डिश चार बोटं उजवीकडे सरकवली, अन् आकडा सटकन वर गेला. खालून पोट्टे ओरडले, "आलं, आलं!" डिशच खोट्या झोतावर बसली होती, झाडाचा काहीच संबंध नव्हता. तेव्हाच सांगाचं होतं. नाही सांगितलं. उलट आजीच्या हातचा चहा पेलो. थू माह्या जिनगानीवर!

मंग आजी प्रत्येक नव्या पोराले सांगे, "या झाडानं तुह्यासाठी आपले हात दिले बाबू, टाइमपास करू नोको." दोघं-तिघं नोकरीलेही लागले. अन् दर रविवारी पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माह्या तोंडातून आवाज निघे ना.

दोन वर्षं मी असाच कुढत काढले. मंग एका सकाळी आजी अंगण झाडून राहिली होती, तिले सगळं सांगून टाकलं. तिचा झाडू थांबला.

"म्हणजे फांद्या उगीच तोडल्या?"

"हाव, आजी."

"तुले कधी समजलं?"

"त्याच दिवशी. वरच."

वाटलं शिव्या देईल, झाडूनं हाणील. मले तेच पाहिजे होतं. तिनं झाडाच्या बोडक्या बाजूकडे पाहिलं. मंग म्हणाली, "मले सांगितलं तं सांगितलं. आता कोणाले सांगू नोको. पोट्टे या झाडाच्या नावानं अभ्यास करून राहिले."

खोटं कावून बोलू, मले लय हलकं वाटलं. रात्री पोटभर जेवलो. पुढच्या रविवारी अभ्यासाले दोन नव्या पोरी आल्या. आजीनं त्याईले जवळ बसवलं अन् तीच गोष्ट सांगितली, त्याच शब्दाईत. इतके दिवस ती खरं समजून सांगे. आता खोटं आहे हे माहीत असून सांगत होती, माह्यामुळं. अन् सांगताना तिनं एकदाही माह्याकडे पाहिलं नाही.