आधी आपली माणसं

गुढीपाडव्याला आमच्या मराठी मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. का, तर वादळात अकरा मराठी कुटुंबांना वेळेवर सावध केलं म्हणून. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि मी, निर्लज्ज माणूस, खांदे पुढे करून शाल घेतली. नको म्हटलं असतं तर नको का, तेही सांगावं लागलं असतं.

२००८ सालची, टेनेसीतली गोष्ट. मी तेव्हा स्टॉर्म स्पॉटर होतो, म्हणजे वादळी हवेत आकाशावर लक्ष ठेवून हवामान खात्याला फोन करणारा बिनपगारी माणूस. ट्रेनिंग फायर स्टेशनात झालं. खरं सांगायचं तर सेवाबिवा काही नव्हती डोक्यात. ग्रीन कार्डच्या वेळी असलं काही बरं दिसेल, एवढाच माझा डाव. मंडळात सगळे मला 'वेधशाळा' म्हणून चिडवायचे.

आमचं घर टेकडीवर, म्हणून पश्चिमेची बाजू माझ्याकडे आली. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, रिटायर्ड पोस्टमन. टेकडीखालच्या ट्रेलर पार्कात, म्हणजे पत्र्याच्या तयार घरांच्या वस्तीत, ते बायकोबरोबर राहायचे. ती घरं हलकी, वादळात तिथे थांबायचं नसतं, शेजारच्या चर्चचं तळघर गाठायचं असतं. बायकोचे गुडघे पार गेलेले. वॉकर घेऊन तिला तिथवर जायला दहा मिनिटं लागतात, हे त्यांनी घड्याळ लावून बघितलं होतं. आम्हाला एकच गोष्ट त्यांनी दहादा बजावली होती, "दिसलं की आधी फोन. खात्री ऑफिस करेल."

फेब्रुवारीतला तो दिवस सकाळपासूनच विचित्र उबदार होता. राज्यात एकामागून एक टोर्नेडो उतरत होते. आणि आमच्याकडे पाच वाजता हळदीकुंकू! ऐन वेळी कॅन्सल कसं करायचं, म्हणून आम्ही ते तसंच ठेवलेलं. चार बावीसला मी घरामागच्या लाकडी डेकवर गेलो. पश्चिमेला काळ्या ढगाच्या पोटाखाली एक तुकडा लोंबत होता आणि जात्यासारखा संथ फिरत होता. वर्गात दाखवलेला अगदी तसाच. मला शंका नव्हती.

आणि मी काय केलं? फ्रिजवरची मंडळाची फोन लिस्ट काढली. बायका घरून निघतील, रस्त्यात सापडतील, हेच डोक्यात. एकेका घरी फोन लावत गेलो. निघू नका, खिडक्यांपासून लांब बसा. एका काकूंनी विचारलं, मग वाण उद्या आणून देऊ का? त्यांनाही मी नीट, सावकाश उत्तर दिलं. बायको वर साडी नेसत होती, तिच्या हातात एक फोन दिला असता तरी चाललं असतं. सुचलंच नाही. वाटलं, ऑफिसला कुणीतरी कळवलंच असेल. शिवाय आदल्या वर्षी साध्या ढगाला घाबरून मी फोन केला होता, तेव्हा झालेलं हसं अजून मनात होतं. टेकडीखाली कोण राहतं, ते त्या वेळात एकदाही मनात आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

हवामान खात्याला फोन केला तेव्हा चार छत्तीस झाले होते. कुणीही कळवलेलं नव्हतं. लगेच भोंगे वाजले. चार एकेचाळीसला टोर्नेडो पार्कावरून गेला. आमच्या डेकचा कठडा तेवढा मोडला.

पोस्टमनकाका तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला रेडिओ घेऊन पहाऱ्यावर होते. त्यांची बायको चर्चच्या अर्ध्या वाटेवर सापडली.

पाचव्या दिवशी ते आमच्या दारात आले. हातात स्पॉटरची वही. पश्चिमेची नोंद राहिली होती म्हणाले. आत बसले, पेन उघडलं.

"तुला किती वाजता दिसलं?"

"चार छत्तीस," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं. मग त्याच्याखाली चार एकेचाळीस लिहिलं.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "म्हणजे ती पोचलीच नसती. कुणाच्याच हातात काही नव्हतं."

त्यांचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा सैल झाला असावा. उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक यू म्हणाले.

मी यू आर वेलकम म्हणालो.