केकशिवायचा वाढदिवस

घाटकोपरच्या खाऊगल्लीत लोण्यातल्या डोशाचा वास आला की मला माझा पंधरावा वाढदिवस आठवतो. बाबांची कंपनी नुकतीच बंद पडली होती, तरी त्यांनी पार्टीसाठी पाचशे रुपये माझ्या हातावर ठेवले. केक दोनशेचा, डोसा चाळीसचा. शाळेत तेव्हा गणितात असमानता शिकवत होते, म्हणून मी मांडलं: २०० + ४०x ≤ ५००. x साडेसातच्या वर जाईना, म्हणजे डोसे फक्त सात. माझ्या मैत्रिणीच दहा, आणि अकरावी मी.

"बाबा, चौघींना नाही बोलवता येणार," मी रडवेली होऊन म्हणाले.

बाबांनी वही पाहिली. "मैत्रिणींनाच का कमी करतेस गं? तो दोनशेचा आकडा काढून बघ ना."

४०x ≤ ५००. आता बारा डोसे बसत होते.

तेव्हा मला ती गणितातली युक्ती वाटली. नोकरी गेल्यापासून घरातला कुठला खर्च सोडायचा आणि कुठला नाही, हे बाबा रोजच ठरवत होते, ते आता कळतं.

संध्याकाळी खाऊगल्लीत आम्ही अकराजणी दाटीवाटीने बसलो. बारावा डोसा मी बाबांना घ्यायला लावला. त्यांनी माझ्या डोशात मेणबत्ती खोचली. ती लोण्यात कलायला लागली, तशी सगळ्यांनी मिळून फुंकर मारली.