फॉर्मची मागची बाजू

फुलं बघायला कुणी कऱ्हाडहून वाशीला जातं का, असं आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझा रजेचा अर्ज हातात धरून विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ताईचं पत्र आलं होतं. वाशीला फुलांचं आणि बागांचं मोठं प्रदर्शन भरतंय, मी माझे गुलाब ठेवणार आहे, तू आलीच पाहिजेस. माझी थोरली बहीण उगाच ‘आलीच पाहिजेस’ म्हणणाऱ्यातली नाही. तेव्हा शनिवारी पहाटेची मुंबई एसटी पकडली. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी त्याआधी पुण्याच्या पुढे गेलेच नव्हते.

पनवेल सोडल्यावर जमीन एकदम सपाट झाली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरं (खाडीचं पाणी अडवून मीठ पिकवायचे वाफे). वाफ्यांच्या कडेला मिठाचे ढीग होते आणि वाऱ्याला खारट, चिखलट वास येत होता. मधेच रिकाम्या माळावर चारमजली इमारती उभ्या, मग परत माळ. गाव म्हणावं तर देऊळ दिसेना, शहर म्हणावं तर माणसं दिसेनात. कंडक्टरने वाशी नाक्यावर उतरवलं तेव्हा दुपार कलली होती.

पत्त्यात पेठ नाही, गल्ली नाही, नुसते आकडे. सेक्टर अमुक, इमारत तमुक. सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, एकच पिवळा रंग. मी विचारत विचारत गेले, तळमजल्यावरचं उघडं दार दिसलं, चपला काढल्या आणि सरळ आत जाऊन कॉटवर टेकले. उन्हाने जीव गेला होता. आतून एक बाई पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि मग भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली. ताईकडे तर दत्ताची असते. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आता सांगा, कोणाकडं आलात?” नांदेडकडच्या कांबळेवहिनी त्या. माझी पिशवी उचलून त्यांनीच मला शेजारच्या जिन्याशी, ताईच्या दारात नेऊन सोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र पोट धरधरून हसली. तीही पहिल्या महिन्यात दोनदा चुकली होती म्हणे.

ताईच्या खिडकीखाली हातभर रुंदीची जमिनीची पट्टी होती. तिथे जास्वंद, तगर, तुळस आणि सहा गुलाब. खारट माती उपसून तिने घमेल्याने चांगली माती आणून भरली होती. गुलाब बशीएवढे, काळसर लाल. मी कौतुक करायला तोंड उघडलं तर तिचे डोळे भरले. सोसायटीला तिथे फरशी घालून स्कूटर ठेवायला जागा करायची होती. पट्टी सोसायटीच्या मालकीची, त्यामुळे हक्काने बोलता येईना. सेक्रेटरीसाहेब तिला म्हणाले होते, “तुमच्या झाडांना कुठे सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट मिळालं तर बघू.” ते गमतीत म्हणाले की काय कोण जाणे, ताईने ते खरं धरलं. रविवारी सकाळी प्रदर्शन, संध्याकाळी सोसायटीची मीटिंग. तीत फरशीचा निकाल लागणार होता.

“शालन, हे वाच,” म्हणून तिने प्रदर्शनाचा फॉर्म माझ्या हातात दिला. पुढच्या बाजूला नाव, पत्ता. ते वरच्या मजल्यावरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने भरून दिलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजी, ओळीमागून ओळी. मी चौथीच्या वर्गाची मास्तरीण. मराठी व्याकरणात माझा हात कुणी धरणार नाही, पण इंग्रजी म्हणजे मला पाटी वाचण्यापुरतं. ताईपुढे ते कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत खालपर्यंत गेले, मान डोलावली. “काही विशेष नाही गं. नेहमीचंच. वेळेवर या, नाव लिहा, आयोजकांचा निर्णय अखेरचा.” ताई निश्चिंत झाली.

रविवारी मी पहाटेच उठले. ताई आंघोळीला गेली होती. म्हटलं, पाहुणी म्हणून बसून राहण्यापेक्षा आपण कामाला लागावं. परडी घेतली आणि देवाची फुलं खुडतो तशी उमललेली पाचही फुलं नखाने अलगद खुडली, पाकळीला धक्का न लावता. वर पाणी शिंपडलं, ओलं फडकं घातलं. ताई बाहेर आली, परडी पाहून म्हणाली, “छान केलंस.” आमच्या घरी फूल असंच काढतात. दुसऱ्या तऱ्हेने काढतात हे आम्हा दोघींना कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. भाऊजी रविवारचे दहाच्या आत उठत नाहीत, त्यांना चहा झाकून ठेवला आणि आम्ही दोघी निघालो.

प्रदर्शन मोठ्या मैदानावर होतं आणि आत शिरताच माझं डोकं चालेनासं झालं. एका मांडवात कोबी, भोपळे आणि दुधी लग्नातल्या मानकऱ्यांसारखे पांढऱ्या चादरीवर मांडलेले, पुढे नावाची चिठ्ठी. विकायला असतील म्हणून मी दुध्याला नख लावून पाहत होते, तर एक गृहस्थ धावत आले. पलीकडे निवडुंग. आमच्याकडे तो गुरं आत शिरू नयेत म्हणून बांधाला लावतात, इथे त्याच्यासमोर लोक ओळीने उभे. आणखी पुढे एका पसरट ताटलीत पिंपळ. अख्खा पिंपळ, पारंब्यांसारखी मुळं, म्हातारं खोड आणि उंची माझ्या वितीएवढी. वय तीस वर्षं, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. त्याला नमस्कार करावा की त्याची कीव करावी ते मला कळेना. ताईने मात्र चप्पल काढून हात जोडले. ते बघून मागच्या एका बाईंनीही जोडले.

फुलांच्या मांडवात तर कहर होता. एकेका बाटलीत एकेक फूल. परीक्षक म्हणून दोन साहेब आणि एक बाई हिंडत होते, फुलाला नाक लावून वास घ्यायचे आणि वहीत मार्क लिहायचे. देवाला वाहायच्या आधी फुलाचा वास घेतला म्हणून लहानपणी मी आईचा धपाटा खाल्लेला. मी दुसरीकडे बघितलं.

आमच्या टेबलाशी बिल्ला लावलेली एक तरुण मुलगी होती. ताईने फडकं काढून परडी पुढे केली. मुलीने आत पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

“काकू, देठ कुठे आहेत?”

ताईला समजेना. मुलीने शेजारची बाटली दाखवली. तिच्यातल्या गुलाबाला हातभर देठ आणि वर पानं होती. “देठ आणि पानं असलेलंच फूल घेतात. फॉर्मच्या मागे लिहिलंय ना.” तिने फॉर्म उलटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

ताईने त्या ओळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “तू वाचलं होतंस ना?”

मी काय बोलले असेन? मी म्हटलं, “अक्षर फार बारीक होतं.” आजही ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. मुलगी बिचारी भली होती, वरिष्ठांना विचारून आली, पण त्यांनी मान हलवली. घरी जाऊन देठासकट फूल आणावं, तर झाडावर मी एकही फूल ठेवलं नव्हतं. ताईने परडीवर फडकं घातलं आणि मांडवाबाहेर चालायला लागली. ती माझ्यावर ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

मैदानाच्या कडेला बोनकोड्याच्या बायकांनी जेवणाचा स्टॉल लावला होता. बोनकोडे म्हणजे शहर यायच्या आधीपासूनचं तिथलं गाव. तांदळाची भाकरी आणि बिरडं (सोललेल्या वालाची उसळ) पुढ्यात आलं, पण ताईने घास उचलला नाही. वाढणारी म्हातारी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तिच्याकडे बघत उभी राहिली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. ताई बोलेना, म्हणून मीच सांगितलं. फुलं, देठ, इंग्रजी फॉर्म. मी वाचला नाही, एवढं सोडून सगळं सांगितलं.

म्हातारी खाली बसली. म्हणाली, “ह्या मैदान आमचा शेत व्हता, बाय. कागद आला तवा आमी अंगठा दिला. काय लिवलाय ते कुनी वाचून दावला नाय. आनि आमी पन इचारला नाय. लाज वाटली.” मग उठून तिने ताईच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. ताईने भाकरी मोडली. शेत घालवलेली म्हातारी परक्या बाईला आपली लाज सांगते आणि मी सख्ख्या बहिणीला सांगत नाही. गुलाब ताईने तिथल्या चारपाच बायकांना वाटून टाकले. त्यांनी ते लगेच अंबाड्यात खोवले. देठ नव्हते तरी कुणाचं काही अडलं नाही.

मीटिंग संध्याकाळी जिन्याखाली भरली. खुर्च्या ज्याने त्याने घरून आणल्या होत्या. सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, “काय, मिळालं का सर्टिफिकेट?” ताई उभी राहिली. “नाही मिळालं. फुलं चुकीची नेली. माझीच चूक झाली.”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला काय झालं कोण जाणे, मी सोसायटीची सभासद नाही, तिथे बोलायचा मला अधिकार नाही, पण मी उठले.

“चूक तिची नाही. फॉर्म मी वाचला. म्हणजे वाचलाच नाही, वाचल्याचं सोंग केलं. मी मास्तरीण आहे आणि मला इंग्रजी येत नाही.”

कुणीतरी हसलं. माझे कान तापले. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ठीक आहे, झालं ते झालं, फरशीच्या नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या आहेतच, पुढे जाऊ. तेवढ्यात मागून कांबळेवहिनींचा आवाज आला. “ती नोटीस पण इंग्रजीतच होती ना? एकदा मराठीत वाचा. मी सही केली, पण काय लिहिलंय ते मला कळलं नव्हतं.”

दुसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, आमचंही तेच. त्यांच्या मागोमाग आणखी तिघे-चौघे. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा पडला, पण वाचावं तर लागलंच. पार्किंगची सोय होणार इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. खिडकीखालची सर्व झाडं मुळासकट काढण्यात येतील, हे वाक्य आलं आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. रोज सकाळी पूजेला फुलं त्या पट्टीतूनच जात होती. कांबळेवहिनीही बुद्धापुढे ठेवायला तगर तिथूनच नेत. सह्या रद्द धरायच्या आणि विषय पुढच्या वर्षीच्या सभेत घ्यायचा, असं ठरलं. झाडं कायमची वाचली असं नव्हे, पण एक वर्ष मिळालं. ताईने पदराने डोळे पुसले. माझ्याशी मात्र ती रात्रभर कामापुरतंच बोलली.

सोमवारी सकाळी ती मला नाक्यावर सोडायला आली. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, ताई, माझं चुकलं, तुला आधीच सांगायला हवं होतं.

“तुला इंग्रजी येत नाही हे मला ठाऊक होतं,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “मॅट्रिकला त्यातच दोनदा नापास झालीस. तुझी प्रगतिपुस्तकं बाबांपासून लपवली कुणी?”

मी चाटच पडले. मग मला वाचायला दिलंसच का, असं विचारलं.

“वरच्या मुलीकडून अक्षर चांगलं म्हणून पुढचं भरून घेतलं. मागचं वाचून मागितलं तर तिला कळलं असतं, मला एक ओळ वाचता येत नाही. तिच्यापुढे लाज वाटली. तू निदान घरची. चार शब्द तरी तुला लागतील असं वाटलं.” एवढं बोलून तिने गाडीला हात केला.

खिडकीतून मिठागरं मागे पडत होती आणि मी विचार करत होते, त्या दोन दिवसांत नक्की काय झालं. फुलं बघायला गेले आणि एक फूल धड बघितलं नाही. माझ्या चुकीने ताईचं सर्टिफिकेट हुकलं आणि तीच चूक चारचौघांत सांगितल्यावर तिची झाडं राहिली. याचा हिशोब मला लागत नाही, आजही लागत नाही.

शाळेत गेल्या गेल्या मुख्याध्यापकांनी विचारलं, कसं काय होतं तुमचं प्रदर्शन? एरवी मी अर्धा तास सांगत बसले असते, ताटलीतल्या पिंपळापासून. त्या दिवशी म्हटलं, “सर, मला त्यातलं काहीही कळलं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले आणि वर्गावर गेले. पोरं पाढे म्हणत होती, मी खुर्चीत बसले आणि मला कितीतरी दिवसांनी हलकं हलकं वाटलं.