लालबागला शून्य अंश

आमच्या घरात केमिस्ट्री मला येते, असा एक समज होता. तो मीच पसरवला होता. बीएस्सी झाल्यावर पंचवीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली, तरी गॅसची नळी बदलायला आलेल्या माणसालाही "मी केमिस्ट्रीवालाच" असं सांगून ठेवलंय. त्यामुळे अकरावीतल्या मुलीला त्याच विषयात पंचवीसपैकी सहा पडले, तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. फेरपरीक्षा लागली. तिच्यातही नापास झाली तर वार्षिकला बसू देणार नव्हते.

रविवारी दुपारी आम्ही बसलो. पुस्तक मंडळाच्या पुस्तकपेढीतलं. आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ वर्षभर पुस्तकं फिरवतं. वापरायचं, जपायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पोरांना. पहिलंच गणित : ४.४ ग्रॅम प्रोपेन पूर्ण जाळला, तर २७ अंशांना, एक वातावरण दाबाला, कार्बन डायऑक्साइड किती लिटर?

"सोपं आहे," मी म्हणालो. "प्रोपेन ०.१ मोल. त्याच्या तिप्पट कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ०.३. एका मोलचे २२.४ लिटर. उत्तर ६.७२."

पुस्तकात मागे ७.३९ होतं. "छपाईची चूक," म्हणत मी ते बॉलपेनने खोडलं आणि वर माझं उत्तर ठसठशीत लिहिलं.

मुलगी पंख्याकडे बघत होती. "बाबा, २२.४ शून्य अंशाला असतं ना?"

"मग?"

"लालबागला शून्य अंश कधी झालं होतं?"

"यांना नको विचारू," बायको ओट्यापासून म्हणाली. "हे मे महिन्यात लग्नाला लोकरीचा कोट घालून बसले होते."

मुलीने २७ चे ३०० केल्विन केले, वायूचं समीकरण मांडलं आणि ७.३९ आणून दाखवलं. मग मला समजावलं. तीनदा. व्हाइटनर आणायला खाली मीच गेलो. मंडळाचा सेक्रेटरी माझा वर्गमित्र, त्याने ते पान गणपतीपर्यंत सगळ्यांना दाखवलं असतं.

पुढे उष्णतेची गणितं. उरलीसुरली अब्रू राखायला मी म्हणालो, "जळताना पाणीही तयार होतं. ते द्रव की वाफ, तिकडे बघत बसू नको. पाणी ते पाणीच." तिने मान डोलावली.

फेरपरीक्षेत पंधरा पडले. बायकोने शिरा केला, मी उत्तरपत्रिका चाळत बसलो. वायूची गणितं सगळी बरोबर. शेवटच्या पानावर मात्र लाल फुली होती. त्या गणितात पाणी वाफ होऊन जात होतं, आणि तसं झालं की उष्णता कमी हाती लागते. हिने सगळीच्या सगळी धरली होती. बाजूला बाईंनी लिहिलं होतं, 'हे कुणी शिकवलं?'

"अगं, पुस्तकात बघायचंस ना," मी म्हणालो.

"बघितलं होतं. तिथे वेगळंच होतं." तिने शिऱ्याची बशी माझ्याकडे सरकवली. "पण मला वाटलं, एवढं तरी तुला येत असेल."