गिफ्ट कार्डाचा फ्रीज

प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकत असते आणि तिच्यात रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या असतात. त्या कोणी मुद्दाम जमवत नाही, पण एक दिवस दार उघडेनासं होतं. आमच्या गाडीतले किस्से तसेच साठलेत. आज दार ढकलून बघतोच!

गाडी म्हणजे पोलादपूरहून महाडच्या एमआयडीसीत जाणारी आमची शेअर गाडी. चालवतात जाधवकाका, राहणार वरंधचे. मागे आम्ही तिघं, एकाच कंपनीतले. मी स्टोअरमध्ये, मनीषा मॅडम लॅबमध्ये आणि सुर्वे डिस्पॅचला. सुर्व्यांच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर त्याचेही पॉइंट सुर्व्यांनाच जातील.

हे अ‍ॅप फार गुणी आहे. दुकानात जाऊन पैसे द्यायचे नाहीत. आधी अ‍ॅपवर त्या दुकानाचं गिफ्ट कार्ड विकत घ्यायचं, मग त्या कार्डावर सामान आणायचं. म्हणजे आपल्याच पैशानं आपणच आपल्याला गिफ्ट द्यायची आणि अ‍ॅपनं आपलं कौतुक करायचं. या कौतुकाला पॉइंट म्हणतात. पॉइंट साठले की त्यांचंही गिफ्ट कार्ड होतं.

सुर्वे या नादाला लागले ते भाचीमुळे. प्रणालीच्या साखरपुड्यात त्यांनी माइक हातात घेतला आणि कोणी विचारलं नसताना जाहीर केलं, "फ्रीज मामाकडून!" टाळ्या पडल्या. त्यांची बहीण सुरेखाताई मात्र खाली बघत बसली. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं पोरगी वाढवली, कोणापुढे हात पसरला नाही. आता फ्रीज आला नाही तर विहिणीपुढे मान खाली तिचीच जाणार होती. सुर्व्यांचा पगार येतो त्याच वाटेनं जातो, हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणून अ‍ॅप.

*

पहिली खरेदी खोबरेल तेलाची. तेल पोलादपुरात घरासमोर मिळतं, पण कार्ड चालतं महाडच्या मोठ्या दुकानात. सुर्वे रविवारी बाइक काढून महाडला गेले. तेल घेतलं तर कार्डात पैसे उरले. उरलेले संपवायला साबण घेतले, तर बिल कार्डाच्या वर गेलं. वरचं भागवायला दुसरं कार्ड काढलं, त्यात पुन्हा उरले. अशा रीतीनं बचत करत करत ते अंधार पडता पडता घरी पोचले. पिशवीत शेवटी ऑफरमधला लहान मुलांच्या डायपरचा मोठा पुडा होता.

सुर्व्यांचा मुलगा दहावीला आहे. वहिनींनी पुडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, "बाळ कधी देणारेत?"

*

मित्रांना अ‍ॅपवर बोलावलं की पॉइंट मिळतात, हे कळल्यावर सुर्व्यांनी लिंकसकट एक मेसेज तयार ठेवला. गाडीत बसलं की तो सगळ्या ग्रुपवर टाकायचा, न बघता. पत्ते वाटावेत तसा त्यांचा अंगठा चालायचा.

एका सकाळी कंपनीच्या ग्रुपवर बातमी आली की आमचे जुने सुपरवायझर वारले. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, आत्म्यास शांती लाभो. आणि त्या रांगेत सुर्वे: "मी जाऊन आलोय, तुम्हीही लवकर या! जितके जास्त याल तितका फायदा!"

गाडीत मनीषा मॅडमनी खिडकीबाहेर बघत ओढणी तोंडात कोंबली. सुर्व्यांना दिवसभर शिव्या खाव्या लागल्या, लेखी माफी मागावी लागली. संध्याकाळी मात्र गाडीत बसताना चेहरा उजळलेला. त्या लिंकवरून दोघंजण आले होते. त्यातले एक आमचे प्लांट मॅनेजर.

*

चालण्याचेही पॉइंट असतात. सुर्वे डिस्पॅचच्या खुर्चीत बसलेले, ते कुठे चालणार? पण त्यांचा साडू हिरकणीवाडीचा. तो पर्यटकांना रायगड दाखवतो, रोज चढउतार. सुर्व्यांनी आपला जुना फोन त्याच्या खिशात ठेवला आणि अर्धे पॉइंट देण्याचं ठरवलं. दोन आठवडे सुर्वे गडावर चढत होते आणि इकडे चहा पीत होते. अ‍ॅपनं त्यांना 'फिटनेस वीर' असा किताबसुद्धा दिला. तो त्यांनी स्टेटसला ठेवला, पोट दिसणार नाही असा फोटो लावून.

तिसऱ्या आठवड्यात पॉइंट एकदम आटले. घाबरून फोन केला. आम्हाला वाटलं, साडू आजारी पडला. साडू म्हणाला, "नाय हो, बरा हाय. रोपवेवाला ओळखीचा निघाला."

*

बिरवाडीत एक किराणावाला आहे. कंपनीतली खोली करून राहणारी पोरं त्याच्याकडेच सामान भरतात. परतीच्या वाटेवर गाडी तिथे चहापत्तीसाठी थांबली तेव्हा सुर्व्यांनी त्याला अ‍ॅप समजावून सांगितलं, अगदी मनापासून. गिऱ्हाईक कसं बांधलं जातं, कार्ड कसं असतं, मुदत कशी असते. सुर्व्यांच्या पॉइंटांची मुदत तेव्हा संपत आली होती आणि त्यांची झोप उडाली होती. महिनाअखेरपर्यंत वापरले नाहीत तर फ्रीजच्या नावानं साठवलेलं सगळं वाऱ्यावर जाणार होतं.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. मग काडेपेटीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पेनानं 'गिफ्ट कार्ड' लिहिलं, खाली शिक्का मारला आणि सुर्व्यांच्या हातात दिला. मुदतीच्या जागी लिहिलं होतं: मी हाय तोवर.

*

आता जाधवकाकांबद्दल सांगायला हवं. काकांचा आवाज असा आहे की गाडीला हॉर्न नसता तरी चाललं असतं. म्हणून पंचक्रोशीतल्या लग्नांत आहेर पुकारायला त्यांनाच बोलावतात. पाकीट फोडायचं, नाव वाचायचं, रक्कम वाचायची. जेवढं लिहिलंय तेवढं सगळं वाचायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, असा त्यांचा बाणा. त्यात एकच अपवाद. शून्यावर थांबलेली रक्कम ते आहेर मानत नाहीत. वर एक रुपया हवाच. कोणी विसरलं असेल तर काका आपल्या खिशातला रुपया काढतात, सेलोटेपनं चिकटवतात आणि मगच पुकारतात.

सुर्व्यांनी एकदा गाडीचं महिन्याचं भाडं म्हणून त्यांना पेट्रोलचं गिफ्ट कार्ड दिलं. काकांनी विचारलं, हे चालतं कुठं? सुर्व्यांनी बारीक अक्षरं वाचली. पुण्यात. काका म्हणाले, "बरं हाय. तुम्हाला गेटवर सोडतो, वरंधा घाटानं पुण्याला जाऊन टाकी भरून येतो. शिफ्ट सुटली की थोडा वेळ थांबा."

त्याच दिवशी फ्रीजच्या कार्डाचा विषय निघाला. गिफ्ट कार्ड शंभराच्या पटीतच निघतं, वर रुपया टाकायची सोयच नाही, असं सुर्वे म्हणाले. काकांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग ती गिफ्ट असंल भाऊ. आहेर नाय."

*

लग्नाच्या आठवड्यात कार्ड तयार झालं. वीस हजारांचं. मनीषा मॅडमनी गाडीत बसल्या बसल्या हिशेब मांडला आणि हळूच मला दाखवला. वर्षभराच्या पॉइंटांतून फ्रीजचं फार तर हँडल निघत होतं. बाकीचा फ्रीज सुर्व्यांनी पगारातून भरला होता, दर महिन्याला थोडा थोडा. त्यासाठी संध्याकाळचा वडापाव सोडला होता, दिवाळीचा शर्ट घेतला नव्हता. आम्ही वर्षभर ज्याला हसलो तो माणूस अ‍ॅपच्या निमित्तानं साधी भिशी भरत होता. मला वाईट वाटलं, आणि सुर्व्यांचा थोडा अभिमानही वाटला. त्यांना हे सांगायची हिंमत मात्र आमच्यापैकी कोणाला झाली नाही. ते खुशीत होते. म्हणाले, "बघा, फुकटात फ्रीज!"

*

लग्न सुरेखाताईच्या वाडीत, वरंधच्या वर डोंगरात. तिथे मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर देवळामागचं टेकाड चढायचं. काकांच्या गाडीतून आम्ही सगळे गेलो. नवऱ्याकडचे बहुतेक मुंबईचे. अक्षता पडल्या, पंगती बसायला वेळ होता, म्हणून काकांनी माइक घेऊन आहेर पुकारायला सुरुवात केली.

सुर्व्यांनी कार्डाचा कागद महाडहून रंगीत प्रिंट काढून आणला होता. वर रक्कम, तळाशी लांबलचक नंबर. बहिणीला समजावं म्हणून खाली स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं होतं. काकांनी पाकीट फोडलं. वीस हजार, शून्यावर थांबलेले. काकांनी खिशातून रुपया काढला आणि कागदावर कोपऱ्यात, नंबर संपत होता तिथे, सेलोटेपनं घट्ट चिकटवला. मग माइक तोंडाशी धरला.

"सुर्वेमामांकडून भाचीला आहेर, फ्रीजसाठी, वीस हजार!"

सुरेखाताईनं वर्षभरात पहिल्यांदाच मान सरळ केली असेल. पण काका थांबले नाहीत. जेवढं लिहिलंय तेवढं वाचायचं! त्यांनी तो अख्खा नंबर एकेक आकडा सुटा करून खड्या आवाजात वाचला आणि शेवटी रुपयावर बोट ठेवून म्हणाले, "आणि वर एक." मग सुर्व्यांचं हस्ताक्षरही वाचलं: "हा नंबर जो मोबाइलमध्ये टाकेल त्याच्या खात्यात पैसे येतात."

 मग मागची एक खुर्ची पडली. नवऱ्याकडची चार पोरं देवळाच्या दिशेनं निघाली, आधी चालत, मग पळत. त्यांच्यामागे आणखी सातआठ. बँड मध्येच बंद पडला, कारण पिपाणीवाला टेकाडावर अर्ध्यात पोचला होता. वाढपी हातातला भाताचा डाव घेऊन पळाला. नवरदेवसुद्धा खुर्चीतून अर्धा उठला. पण त्याच्या उपरण्याची गाठ प्रणालीच्या शालूला होती आणि प्रणाली जागची हलली नाही.

सुर्व्यांनी खिशातून फोन काढला. त्यांच्याकडे तो नंबर होता, वर धावत जाऊन आधी टाकला असता. फोन बंद! सकाळपासून जाहिराती बघून पॉइंट मिळवत बसले होते, बॅटरी संपली. ते तसेच मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. वर्षभराचा फ्रीज टेकाड चढत होता आणि त्यांना तो नुसता बघावा लागत होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

सगळ्यात आधी पिपाणीवाला खाली आला, धापा टाकत. म्हणाला, नंबर चुकीचा दाखवतो. मग एकेक करून सगळेच आले. सगळ्यांचं तेच. कोणालाच पैसे मिळाले नव्हते, आणि त्याचा राग सगळ्यांना सुर्व्यांचा आला. नवऱ्याचा काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मामा, आहेर खोटा हाय तुमचा."

 सुर्व्यांनी खांब सोडला आणि ते खाली बसले. त्यांनाही वाटलं असावं की अ‍ॅपनं फसवलं.

सुरेखाताई उठली. जाधवकाकांच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला. सेलोटेपचं टोक नखानं उचललं, रुपयाखाली डोकावली आणि टोक पुन्हा अंगठ्यानं दाबून बसवलं. मग काकांच्या हातातला माइक मागून घेतला.

"आहेर खरा हाय. वरचा एक रुपया हाय, तो नंबरातला नाय. नंबरातले शेवटचे चार आकडे त्या रुपयाखाली हायत."

नवऱ्याच्या काकानं खिशातून फोन काढला, जरा पुढे सरकला आणि एकदम गोड आवाजात विचारलं, "कुठले आकडे हायत, विहीणबाई?"

सुरेखाताईनं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"फ्रीज दारात उतरला की सांगते."